विनातिकीट

एकतीस वर्षं केएमटीत काढली.
कळंबा ते कसबा बावडा, बावडा ते कळंबा.
रात्री डेपोत चिल्लर मोजायची, वेबिल जुळवायचं,
आठ आणे कमी आले तर आपल्या खिशातले घालायचे.
ट्रे गेला, चिमटा गेला,
हाताची सवय कुठं जाणार?
आता मोबाइल आहे.

रोजचा दीड जीबी.
रात्री बाराच्या ठोक्याला उरलेलं सगळं मरतं,
आणि तक्रारीला खिडकी नाही.
म्हणून साडेअकराला चष्मा लावून बसतो,
सेटिंग, डेटा वापर, मग ती खाली खाली जाणारी यादी.
कुस्त्यांचे व्हिडिओ, सहाशे दहा एमबी.
भावकीचा ग्रुप, दोनशे तीस,
त्यात दीडशे नुसती सकाळची गुलाबाची फुलं.
आणि एक कसलंसं ॲप, जन्मात उघडलं नाही,
मागच्या सीटवर मान खाली घालून बसलेलं,
चाळीस एमबी गिळून.
त्याला बागल चौकातच उतरवलं.
म्हणजे बंद केलं.
सगळं वहीत लिहितो, तारीखवार.

परवा शालनचा फोन सहज हातात घेतला.
सहज म्हणजे, चेकिंगला.
मोबाइल डेटा, सबंध महिन्याचा: अकरा एमबी.
शाबास म्हणणार होतो.
बोट चुकून दुसऱ्या रकान्यावर पडलं.
वाय-फाय: चौदा जीबी.

आमच्या घरात वाय-फाय नाही.

"हे कुठलं?"
"मुजावरांचं," ती म्हणाली, भाकरीवरची नजर न काढता.
"पिठाच्या डब्याजवळ बसलं की दोन कांड्या येत्यात.
रेहानानंच घालून दिलंय."
"अगं, म्हंजे विनातिकीट?"
"तिकीट कसं न्हाई?
दर उन्हाळ्याला दीड किलो चटणी जाती तिच्याकडं."
किती चटणीला किती जीबी,
असला तक्ता आमच्या खात्यानं कधी काढला नव्हता.

मी यादी उघडली.
चौदातले बारा नकाशात गेलेले.
मी घोरायला लागलो की ही निघते.
गंगावेशीतून शिवाजी पूल,
पन्हाळ्याला वळायचं नाही, तो बघून झालाय,
सरळ मलकापूर, आंबा घाट.
घाटात थांबायचं, बोटानं रस्ता फिरवून दरी बघायची.
रत्नागिरीत समुद्र लागला तेव्हा, म्हणाली, जरा भ्याले.
मग भीड चेपली.
आता नॉर्वे म्हणून एक देश आहे, तिथं चाललंय.
एका गल्लीत रोज जाते.
लाल घरं, कुंपण कुणालाच नाही,
आणि एका दारात कुणी तरी
चिखलाचे बूट काढून ठेवलेत.
"अजून तितंच हायत," म्हणाली. "आत कोण असंल?"

हिशेब केला तर माझे दहा लाख किलोमीटर भरतील.
पण कळंबा ते बावडा.
एवढ्या वर्षांत ही माझ्या गाडीत दोनदा बसली,
आणि मी दोन्ही वेळा तिकीट फाडलं.
तेव्हा सगळ्यांना सांगायचो ती गोष्ट. हसायचे लोक.

काल साडेअकराला वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो.
ती डब्याला टेकून बसलेली, तोंडावर निळा उजेड.
"पासवर्ड काय हाय?"
"मुजावरांच्या मांजराचं नाव. पण रेहानाला इचारून सांगते.
तिनं मला दिलाय, तुम्हाला न्हवं."
हे मात्र नियमाला धरून होतं.
मी उभाच.
मग तीच जरा बाजूला झाली, फोन मधे धरला.
"बसा. पर हलू नका, कांडी जाती."

बारा कधी वाजले कळलं नाही.
माझ्या फोनात नऊशे एमबी मेली असतील.
बूट होते तिथंच होते.
डावा थोडा कलंडलेला.