बाराव्या पडद्यापाशी

शर्टाच्या खिशातून फीलर गेज काढला
तेव्हा काउंटरमागचा रॉयडन आधी हसला, मग गप्प झाला.
काका, हे कशाला?
म्हटलं, सवय. एकतीस वर्षं भोसरीत, प्रेसशॉपच्या इन्स्पेक्शनला.
पत्रा असो की लग्नाचं स्थळ, आधी माप.

ईस्ट स्ट्रीटवरचा पहिला मजला. काचेआड थंड खोली,
दमटपणाचा काटा सत्तेचाळीसवर.
बाहेर मे महिना डांबर वितळवतोय
आणि आत लाकडं, आयसीयूत ठेवल्यासारखी.

तीन उतरवल्या त्यानं.
पहिली: तोंड स्प्रूसचं, पाठ शिसवी. तीन लाख चाळीस हजार.
शिसवी म्हणजे आमच्या घरचा पोळपाट.
तेच लाकूड बोटीनं गेलं, तिकडे कुणी ओलं करून वाकवलं,
आणि परत आलं ते
हात पुसून मगच हात लावावा असं.
बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन पूर्णांक एक.
मान सरळ. सांध्यात नख शिरत नाही.
मनातल्या मनात हिरवा ठिपका दिला.

दुसरी, देवदार आणि अक्रोड.
हलक्या बोटाला लगेच ओ देणारी,
जोर केला की गोंधळणारी,
चारचौघांत आवाज चढला की डोळे भरून येणाऱ्या माणसासारखी.
ठेव बाजूला.

तिसरी सगळीच महोगनी. एक लाख ब्याण्णव.
खालच्या कुशीला पोचा, बोटाच्या पेराएवढा.
वाहतुकीत पडली, म्हणून कोपऱ्यात.
असा पोचा दिसला की मी लाल रंगाचा ब्रश उचलायचो.
आत्ताही हात थोडा उचलला गेला.

रॉयडननं पहिली छेडली.
ऐका, वरचा सूर कसा झळाळतो,
घंटा थांबल्यानंतरही घंटा, ऐकू येतेय ना?
मी मान हलवली.
खोटं.
कर्वे रोडच्या दवाखान्यात कानाचा आलेख काढला होता,
चार हजार हर्ट्झपाशी रेघ कड्यावरून पडलेली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रेसवाल्यांचे कान असेच येतात,
एका साच्यातून काढल्यासारखे.
म्हणजे तीन लाख चाळीस हजारांतले
दीडएक लाख तरी अशा आवाजाचे
जो माझ्यापर्यंत पोचणारच नाही.
पोराला येत होता. त्याच्या चेहऱ्यावर मी तो पाहिला.
सुंदर असावा.

फोन. शैला.
घेतली का?
मापतोय.
मापत बसा. गिरणी आठला बंद होते, दळण विसरू नका.

घरी एक आहेच, चौऱ्याऐंशी सालची, प्लायवूडची,
पहिल्या बोनसची. तिची मान कधीच वाकली.
तिच्यावर रात्रपाळीहून आल्यावर, खिडक्या लावून,
हनुवटी टेकवून वाजवायचो, चाळ जागी होऊ नये म्हणून.

तशीच टेकवली, तिसरीच्या खांद्यावर.
जाड तार एकदा.
आवाज कानातून आला नाही.
जबड्यातून आला, दाढेतल्या जुन्या चांदीतून,
बरगड्या उतरत गेला पोटात,
जिथे दोनशे टनी प्रेसचा ठोका
अजूनही झोपेत पडतो.
तिथे बसला. ठोक्यासारखा नाही.
कुणी सतरंजी झटकून अंथरावी तसा.

पुन्हा छेडली. पुन्हा.
रॉयडननं काही न बोलता एसी बंद केला.

मग मापली. दोन पूर्णांक सहा. जास्तच.
खाली करून देतो, म्हणाला.
राहू दे. बोटांना कामाची सवय आहे.
पोच्याचे काही कमी?
पुण्यात राहून न विचारणं बरं दिसलं नसतं.
आठ हजार सुटले. वर तारांचा एक संच.

रिक्षात पेटी मांडीवर आडवी.
जुन्या बाजारापाशी खड्डा आला.
आत सहाही तारा हलल्या असणार;
गुडघ्यांना कळलं.

गिरणी उघडी होती, पट्टा धडधडत होता.
पिठानं पांढरा झालेला गिरणीवाला
पेटीकडे बोट करून काहीतरी विचारत होता.
मला नुसते ओठ दिसले.
म्हटलं, पाच किलो. बारीक दळ.