आंबट रीळ

निपाणीत नाकाला सुट्टी नसते.
बत्तीस वर्षं वखारीत काट्यावर होतो,
पोतं उघडायच्या आधी सांगायचो
तंबाखू कुठल्या शिवाराची, पाणी किती मारलंय.
त्यामुळं बेळगावच्या कॅम्पात रॉड्रिग्जबाईंनी
माळ्यावरचा डबा काढून टेबलावर ठेवला तेव्हा
झाकण उघडायच्या आधीच म्हणालो,
बाई, हे आतून आंबलंय.

न्या तसंच, त्या म्हणाल्या.
आमचं कुणी नाही त्यात.
घर घेतलं तेव्हापासून माळ्यावर आहे.
पन्नास फूट, आठ मिलिमीटर.
दीडशे रुपये घेतले, वर चहा दिला.

परतीच्या बसला डबा मांडीवर.
संकेश्वरच्या पुढं शेजारच्यानं विचारलं,
लोणचं काय वो?
होय की, म्हटलं. मुरलेलं.

शनिवारी दुकानं मिटली की चौघं-पाचजणं येतात.
नेमाण्णा मगदूम, ज्यानं शिलाई मशीनचा पट्टा कापून
प्रोजेक्टरला बसवून दिला.
त्याची सून. तिचा सम्मेद,
ज्याला जन्मापासून ऐकू येत नाही.
आमची ही कपाटाला चादर टाचते, इस्त्री मारलेली,
कारण मागं एकदा कुणा साहेबाच्या गालावर
चादरीची घडी आली
आणि तो लग्नभर रडत असल्यासारखा दिसला.

रीळ आकसलंय.
कडेची भोकं दातऱ्यांत नीट बसत नाहीत,
गेटमधून जाताना तडतडतं
कढईत मोहरी पडावी तसं.
मग अंगण. खोटं वाटावं इतकं ऊन.
दोरीवर पातळं, कडेला अर्धी सायकल,
आणि एक बाई वळते,
थेट आपल्याकडं बघून
ओठ मिटते, उघडते, मिटते.
आवाज नाही. या रिळाला तो कधी नव्हताच.

ही म्हणाली, "बाबा" म्हणतीय. बापच काढत असणार फिल्लम.
नेमाण्णा म्हणाला, छे, "बा, बा". ये म्हणतीय त्याला.
सून म्हणाली, कॅम्पातली आहे, "मम्मा" असेल.
ओठांना काय, ब काय आणि म काय.
भाषेवरनं आमच्या घरात भांडण होत नाही,
ते करायला बाहेर माणसं आहेत,
पण त्या रात्री चहा निवला.

थांबव की जरा, नेमाण्णा म्हणाला.
थांबवता येत नाही. मागं दिवा आहे,
चालत राहिलं तरच वाचतं.
तरी थांबवलं. मीच. एक श्वासभर.
तिच्या हनुवटीवर तपकिरी फोड आला
आणि दुधावर साय धरावी तसा पसरू लागला.
दणकन बटण फिरवलं.
कुणी काही बोललं नाही.
बत्तीस वर्षांत काट्यावर हात कधी चुकला नव्हता.

सम्मेदनं माझी बाही ओढली.
हवेत बोट गोल फिरवलं: परत लाव.
लावलं. ती वळली. ओठ मिटले, उघडले.
त्यानं आमच्याकडं पाहिलं
मास्तरानं ढ पोरांकडं बघावं तसं.
मग गाल आत ओढले,
एक डोळा मिटला,
जीभ टाळ्याला लावून सोडली,
टॉक असा आवाज झाला, तो फक्त आम्हाला ऐकू आला,
आणि तळहातावर थुंकल्यासारखं करून
काहीतरी बारीक चिमटीत धरून दाखवलं.

चिंचोका.

ती बोलतच नव्हती.
नेमाण्णा हसता हसता शिंकला,
जन्मभराच्या तंबाखूची ती शिंक, एकीवर भागत नाही.
सुनेच्या तोंडाला पाणी सुटलं
आणि तिनं ते कबूलही केलं.

सगळे गेल्यावर रीळ उलटं गुंडाळलं.
औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या
सिलिकाच्या पुड्या डब्यात बदलल्या.
आंबणं थांबत नाही त्यानं, जरा सावकाश होतं.
झाकणावर पट्टी चिकटवली, पेन धरून बसलो.
बाईचं नाव ठाऊक नाही. गाव नाही, साल नाही.
लिहिलं:
चिंच. साडेतीन मिनिटं.
हनुवटीवरचा डाग माझा.