वर्षातून एकदा भरती

फॉर्मवर रकाना होता: समुद्रापासून अंतर.
मी लिहिलं, सरळ रेषेत तीनशे किलोमीटर, कमीजास्त.
पुढचा रकाना: भरती-ओहोटीच्या वेळा.
तिथं पेन थांबलं.
फॉर्म कुणीतरी किनाऱ्यावर बसून केलेला,
ज्याच्या तळ्यात खारं पाणी
दिवसातून दोनदा डोकावून जातं.

आमचं तळं हिप्परग्याच्या अलीकडे, रस्त्याच्या खाली.
मुरूम नेला, खड्डा राहिला,
खड्ड्याला झुडपं आली आणि मग तळं झालं.
उन्हाळ्यात तिथं पोरं क्रिकेट खेळतात,
स्टंपांना बेशरमाच्या काठ्या.
खेळ संपतो, काठ्या तशाच राहतात,
पाणी येऊन जातं, स्टंपांना पानं फुटतात.
म्हणून माझ्या नकाशात
तीन झुडपं अगदी एका ओळीत
आणि बावीस यार्डांवर चौथं, एकटं,
जांभळट भोंगे घेऊन.
याचं शास्त्रीय कारण मी अजून लिहिलेलं नाही.

चौकट व्यंकटी चिलवेरीनं बांधली.
प्रयोगशाळेत शिपाई, त्याआधी बावीस वर्षं मागावर.
मोडक्या फणीच्या पट्ट्या, टॉवेलचं लाल सूत,
मीटर बाय मीटर, आत शंभर घरं.
गाठ मारताना सूत जिभेनं ओलं करायचा.
चिखलात चौकट टेकवायची
आणि घराघरांत कोण राहतं ते विचारायचं.
लव्हाळा एकवीस.
कोळशिंदा चार.
"काटे येगळे मोजू का, मॅडम?"
वर, कोरड्या अंगाला, निरगुडी,
तिच्या मागे वेड्या बाभळीची पोरं,
पाणी कुठवर येणार ते आधीच ठाऊक असल्यासारखी
बरोब्बर एक पाऊल मागे.

भरतीचं त्याला विचारलं.
तळ्याकडं बघत म्हणाला,
"येतंय की. वर्षातनं एकदा.
पगार नाही ओ हा, बोनस हाय."

आश्विनात बोनस आला.
दोन रात्री, तोही दुसऱ्या गावांवरून परतताना.
सकाळी बाभळी गुडघाभर पाण्यात,
बेशरम कमरेइतका बुडालेला,
आणि त्याच्या प्रत्येक पेराला
पांढऱ्या मुळ्यांची ओली दाढी.
चौकट न्यायची राहिली होती.
व्यंकटी काठावर चप्पल हातात घेऊन उभा.
काही बोलला नाही.

कार्तिकात महानंदा फुलारी आली, कोयता घेऊन.
"काय मोजायलाव?"
झुडपं, म्हटलं.
"मग भेंड कुठं हाय ते सांगा."
बाहेरून काटकुळं, मळकट.
तिनं साल उतरवली
तर आत पांढरं, दुधावरच्या फेसासारखं,
हातात घेतलं तरी हातात काही नसल्यासारखं.
बाशिंगं करते ती. थर्माकोलची पण करते, पोट हाय की.
"पण ते नवऱ्यामुलाच्या घामानं पिवळं पडतंय. हे नाही."
माझ्या यादीत भेंड सात होती.
संध्याकाळी दुरुस्त करून लिहिलं:
तीन.
चार बोहल्यावर.

चैत्रात पाणी आत-आत सरत गेलं.
तळाला भेगा, भेगांच्या कडांना पांढरं मीठ.
जिभेला लावून पाहिलं, कुणी बघत नाही हे बघून.
कोळशिंद्याचे काटे आता निळ्या फुलांविना,
शेळ्यासुद्धा वळसा घालून जाणाऱ्या.
चौकट सापडली
बाभळीच्या फांदीवर, माझ्या छातीच्या उंचीला,
जिथं पाण्यानं ती टांगून ठेवली असणार.
पट्ट्या शाबूत.
घरं मोजली: एकोणचाळीस.

बाकीची शोधत आम्ही झुडपं उचकत गेलो.
वरच्या एका काटकीला शिंजिराचं घरटं लोंबत होतं,
कोळ्याचं जाळं, साल, एक कसलंसं पीस,
आणि दाराला फिकट झालेलं लाल सूत.
व्यंकटीनं मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं,
मग म्हणाला, "गाठ चुकलीय त्याची,"
आणि हात मागे घेतला.

फॉर्मचा तो रकाना अजून कोरा आहे.
मुदत उद्यापर्यंत.