प्रभाग सातचा वॉलमन

पहाटे साडेतीनला चावी घेऊन निघतो.
चार फुटी लोखंडी चावी, सायकलच्या दांडीला बांधलेली.
यावलची कुत्री तिला ओळखतात, भुंकत नाहीत.
आठव्या दिवसाचं पाणी. कोणता वॉल किती आट्यांनी उघडतो
हे पालिकेच्या एकाही कागदावर नाही,
माझ्या मनगटात आहे.

निवडणूक लागली की मनगटाला मान येतो.
परवा वासुदेव फिरके येऊन ओट्यावर टेकले,
चहात साखर कमी आहे म्हणाले, मग म्हणाले,
"हे पाय फकीरचंद, गटारी काय, होत राहतीन.
पन यंदा आपला मानूस पाह्यजे.
ते सगये एकठोक टाकतात, आपुनच फुटतो."
मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

दुसऱ्या पहाटे मशिदीमागे खड्ड्यात वाकलो होतो,
वर दोन म्हातारे नमाजाला चाललेले.
एक दुसऱ्याला सांगत होता,
अपनी बाई गिरी, तो अपनी नाक गई.
आपला. अपनी.
खड्ड्यातून फक्त चपला दिसतात,
आणि दोघांच्याही टाचा फाटलेल्या.

यादी घेऊन फिरक्यांची पोरं आली,
लाल पेन घरच्यांना, निळं पेन त्यांना.
माझ्या नावापाशी अडली.
माझ्याआधीची तीन गेली
तेव्हा आई पिराला बोलली होती,
म्हणून फकीरचंद, वडील तोताराम, आडनाव कोळी.
आणि उमेदवार बाई : हुरमत सांडू तडवी.
सांडू तर माझ्या आजोबांचं नाव.
पोरांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं,
कोणाच्या नावापुढे ते मला नीट दिसलं नाही.

खरं सांगतो, मी ठरवूनच टाकलं होतं :
बाईला देऊ. म्हणजे आपण तसले नाही
हे निदान आपलं आपल्याला कळेल.
बाजारगल्लीचा वॉल बंद करता करता
अकराव्या आट्याला हसू फुटलं.
अरे फकीरचंद, हेही जात-धर्म बघूनच झालं की.
फक्त चावी उलटी फिरवलीस.

मग धर्म वजा करून पाहिला. उरलं ते असं :
फिरक्यांच्या नव्या प्लॉटला रात्रीतून जोडणी झाली,
खड्डा मीच खणला, पाचशे घेतले.
बाईच्या दिराची मोटर थेट लाइनवर.
मी बाईला सांगितलं. ती म्हणाली, बघते.
एक पाळी मोटर बंद राहिली,
पुढच्या पाळीला पुन्हा घुरघुरली.
पण तिनं एक विचारलं होतं, जे कोणी विचारलं नाही :
"भाऊ, कोणत्या गल्लीला किती मिनिटं
हे टाकीच्या भिंतीवर लिहून का टाकत नाही?"
फिरके म्हणाले, लिहू नका, भांडणं होतील.

लिहायचं मलाही नको होतं.
भिंतीवर आलं की मनगटात काय राहतं?
मग मला कोण चहा पाजतं,
दिवाळीला कोण फराळाची पिशवी धाडतं,
कोण म्हणतं, फकीरभाऊ, पाच मिनिटं जास्त?
त्या दोन रात्री झोप आली नाही
ती देवामुळे नाही, अल्लामुळे नाही.
भिंतीमुळे.

मतदान. मराठी शाळा, खोली दोन.
यंत्रावर धर्माचा रकाना नसतो,
नाव असतं, नावात सगळं असतं,
बाजूला चित्रं : पंखा, सुटकेस, शिट्टी.
बोट उचललं. बोटावर गंज, शाई अजून ओली.
आत कितीतरी वेळ उभा राहिलो असेन,
बाहेरून मास्तर ओरडले, बाबा, आटपा,
मागे बायका उन्हात आहेत.

गेटाशी फिरक्यांच्या पोरानं खांद्यावर हात टाकला.
"काका, कोनाले?"
मी सायकलची साखळी बसवत होतो.
म्हटलं, "तुमच्या गल्लीची पाळी शुक्रवारी."