टाकीचा दिवस

मैथिलीने रत्नागिरीहून एक तक्ता पाठवलाय.
कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती.
पाच रकाने, वर ठळक अक्षरांत: या वर्षीची उद्दिष्टं.
खाली सूचना: बाबा, मोजता येईल असंच लिहा.

मोजता येईल असं!
अकरा वर्षं काट्यासमोर उभा आहे मी, पोरी,
रुवीच्या या गल्लीत,
मागे तपकिरी डोंगर, पुढे मनी एक्सचेंज,
मधे दहा बाय चौदाची चक्की.
पिशवी हातात घेतली की वजन सांगतो.
आणि इथला हिशेब टिंबानंतर तीन घरं चालतो,
हजार बैसांचा एक रियाल,
त्यातले दीडशे किलोभर ज्वारीच्या दळणाचे.

तरी बसलो लिहायला. रात्री, शटर अर्धं ओढून.
रफीकुल मागे चाळण्या झटकत होता.

एक: रोजचं दीडशे किलोचं दळण दोनशेवर न्यायचं.
दोन: भाजणीची पाकिटं, लेबलसकट, सीबच्या दुकानांतही.
तीन: भाडं
इथे पेन थांबलं. ते तर अबू सुलैमचं उद्दिष्ट.
खोडलं.
तीन: बलदियाच्या माणसाला या खेपेला काही सापडू नये.
चार: रफीकुलचं चितगावचं तिकीट, मार्चच्या आत.
(हे दोन वर्षं याच जागी आहे.)

पाचव्याला काही सुचेना.
दुसरी चक्की, असं मी दर जानेवारीत लिहितो
आणि जूनच्या उन्हात ते
गच्चीवर विसरलेल्या मेणबत्तीसारखं वाकतं.

रफीकुल म्हणाला, "भाई, दगड बोथट झालाय.
पीठ तापून उतरतंय."
हात घातला. खरंच.
कढत पीठ, बोटांत चरचरणारं.
महिनाभर नाडकर्णीबाई सांगत होत्या,
"विरीच नाही हो पिठाला, भाकरी चिरते,"
आणि मी म्हणत होतो, ज्वारी जुनी असेल तुमची.

सोमवारी सोहारहून उस्मानचाचा आला,
हत्यारं गोणपाटात गुंडाळून.
पट्टा उतरवला. वरचा दगड तिघांनी मिळून उलथा केला.
अकरा वर्षांत मी तो नीट पाहिलाच नव्हता.
मधोमध गुळगुळीत, वापरातल्या पायरीसारखा.
चाचा टाकी मारत राहिला, टक टक टक,
मधेच चहा, मधेच कुणा भाच्याच्या लग्नातलं भांडण,
पुन्हा टक टक.
"घाई असेल तर उथळ मारतो," तो म्हणाला,
"दोन महिन्यांत परत बोलवाल. की खोल मारू?"

तुझ्या तक्त्यात हा प्रश्न कुठे बसतो
ते मी शोधलं, मैथिली.

दुपारी नाडकर्णींचा मुलगा आला, चार किलो बाजरी घेऊन.
मोटर बंद होती, म्हणून त्याचा आवाज
पहिल्यांदाच आख्खा ऐकू आला. केवढा कोवळा.
"उद्या ये," मी म्हणालो.
या दुकानात मी हा शब्द कधी वापरला नव्हता.
गिऱ्हाईक एकदा वळलं की वळलं,
पलीकडच्या गल्लीत पाकीटबंद आट्याची थप्पी आहे,
ही भीती रोज पहाटे माझ्याआधी शटर उघडते.
तो "बरं" म्हणाला,
पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि गेला.
एवढंच.

तर पाचवा रकाना भरलाय:
वर्षातून चारदा टाकी. खोल.
मोजून घे.
सोबत सोमवारचं पानही पाठवतोय वहीचं.
विक्री: शून्य, टिंब, तीन शून्यं.
पुढची बरोबरची खूण चुकून झालेली नाही.
उस्मानचाचाचे बारा रियाल वेगळे लिहिलेत.
चहा धरलेला नाही.