बघून राहिली

खापरीला मेट्रोतून उतरलं की कंपनीची बस.
मे महिना, सकाळचे साडेआठ,
डांबर आत्ताच चपलेला धरतं
आणि माझ्या पिशवीत शाल.
आई रोज विचारते, उन्हात शाल काऊन नेतं वं?
आत बावीस डिग्री असते, आई.
मशिनींसाठी?
मशिनी तर इथं नाहीतच.
त्या कुठं आहेत, मलाही कोणी सांगितलं नाही.

दहाला कॉल. पुण्याहून मृण्मयी विचारते, चव्वेचाळीस सतराचं काय झालं?
मी म्हणते, बघून राहिली.
कोणीतरी माइक बंद करायला विसरतं
आणि हसतं.
मग ती समजावते, प्रेमानंच:
बघतेय म्हण गं.
बघून राहिली म्हणजे वाटतं
बघून झालं आणि तू तिथंच राहिलीस.

हो, मी म्हणते. तेच.

चव्वेचाळीस सतरा म्हणजे एक सेंट.
कुठल्याशा थंड देशातल्या पेन्शनमध्ये
दर महिन्याच्या शेवटी एक सेंट कमी येतो.
कोण्या म्हातारीनं मोजला असेल, चष्मा पुसून, पुन्हा एकदा.
तीन दिवस झाले मी तिचा सेंट शोधते.
बाबा म्हणाले, सोड ना, मी देतो तिले रुपया.

चौथ्या दिवशी, सहाशे बाराव्या ओळीच्या वर,
इंग्रजी अक्षरांत आपली भाषा:
याले हात लावू नका.
काऊन चालते माहीत नाही, पण चालते.
प्र. हे., रात्री २.४०, लाइट गेली, कूलर बंद.

प्रफुल्ल हेडाऊ.
घरून काम करायचे दिवस होते ते.
गोळीबार चौकातली ती खोली मी पाहिली नाही,
कॉलवर फक्त ऐकली आहे:
कूलरची मोटर, कुकर,
आणि याचा आवाज, दोन्हीच्या वरून, हाव हाव, ऐकू येऊन राहिलं.

फेब्रुवारीत त्याची मीटिंग अकरा मिनिटं चालली.
मी घड्याळ पाहत होते, कारण आम्हाला पोहे खायला जायचं होतं.
खाली आला. गेटवर कार्ड लावलं. लाल.
मेश्रामकाका म्हणाले, साहेब, पुन्हा लावून पाहा.
त्यानं पुन्हा लावलं.
काकांनी मग हातानं फाटक उघडून दिलं
आणि दुसरीकडे पाहिलं.
टपरीवर तो म्हणाला, तर्री जास्त.
पैसे त्यानंच दिले. चाळीस.

सेंट त्याच्याच ओळीत होता.
रकमेचे तीन भाग करताना जो उरतो,
तो त्यानं कोणालाच दिला नव्हता.
आता तो तिसऱ्या भागाला जातो.
दोन ओळी लिहिल्या, सात वेळा तपासल्या,
थंड देशातल्या म्हातारीचे पैसे जुळले.

मृण्मयीचा निरोप: छान! फक्त वरची ती कॉमेंट काढून टाक, आता गरज नाही.

बरोबर आहे. गरज नाही.
काऊन चालते, ते आता माहीत आहे.
कर्सर त्या ओळीच्या शेवटी
लुकलुकत राहिला.
शाल घट्ट केली. लोक जेवायला गेले, आले.

संध्याकाळी बाहेर पडले तर उष्मा अंगावर आला,
दार उघडताच कुत्रं यावं तसा, ओळखीचा.
बसमध्ये बसून हेडाऊला चाळीस रुपये पाठवले.
सोबत लिहिलं: चालते.

लगेच दोन निळ्या खुणा.
उत्तर: काऊन?

मी सगळं लिहिलं, तीन भाग, उरलेला सेंट,
आणि पाठवण्याआधी पुसलं.
त्याला कोणी चूक दाखवावी असा तो दिवस नव्हता
किंवा असेलही, मला काय माहीत,
सध्या काय करतो तेही विचारलं नाही कधी.

त्याच्या नावाखाली फोन इंग्रजीत काहीतरी सांगत होता,
मी ते आपल्या भाषेत वाचलं:
हेडाऊ लिहून राहिला.

खापरी आलं. बस थांबली.
तो लिहून राहिला.