निरोपाला दीड माणूस

मनिला विमानतळाबाहेर, पहाटे चारला,
पेर्लिता माकाराएग गाड्या मोजतेय.
सूत्र सांगतं : एका प्रवाशामागे
निरोपाला दीड माणूस, तीन मिनिटं.

जीपनीतून अठरा उतरले.
जाणारी एकटीच, दोहाला, कुणाची तरी मुलं सांभाळायला.
खोक्याची दोरी पुन्हा सोडून पुन्हा बांधली,
म्हातारा चाकाला टेकून खालीच बसला,
आणि मागं हॉर्नची रांग
थेट उड्डाणपुलापर्यंत.

अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.

साहेब म्हणाले, असा आकडा नसतोच. खोड.
तिनं खोडला.
मग नकाशावर कडेची मार्गिका
कुणाला न विचारता
दीड मीटर रुंद केली,
आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं :
पाण्याचा निचरा.